क्षितिज दिसेनासं झाल्यावर

हुबळीहून दाभोळीकडे सरळ पश्चिमेला उडालं, तर अंतर सुमारे १३५ किलोमीटर भरतं आणि वाट जोयडा तालुक्याच्या उत्तर टोकावरून, रामनगर आणि कॅसलरॉकच्या माथ्यावरून जाते. आषाढात इथला सह्याद्री दिवसचे दिवस ढगांत बुडालेला असतो. घरच्या संगणकावर सिम्युलेटर लावून केवळ यंत्रांच्या आधारे उडायला शिकणाऱ्याला याहून चांगली वाट मिळणं अवघड. पडद्यावर खिडकीबाहेर नुसतं पांढरं. खाली काळी नदीचं खोरं आहे की गोव्याकडे उतरणारा घाट, काही कळत नाही. उरतात सहा तबकड्या : कृत्रिम क्षितिज, वेग, उंची, दिशा, वळण आणि चढ-उताराचा दर.

शिकणाऱ्याला पहिला नियम सांगतात तो असा, की शरीराचं ऐकू नका, यंत्रांवर विश्वास ठेवा. हा श्रद्धेचाच उपदेश म्हणायचा का?

शरीराचं न ऐकण्याला पक्कं कारण आहे. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव आपल्याला वळल्याची जाणीव देतो. पण संथ वळण तसंच चालू राहिलं, की वीसेक सेकंदांत तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण जाणवेनासं होतं. मग विमान सरळ केलं, तर ते उलट बाजूला कलल्यासारखं वाटतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने यंत्रोड्डाण न शिकलेल्या २० जणांना ढगात शिरल्यासारख्या स्थितीत विमान चालवायला दिलं. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. इथे प्रत्यक्ष प्रमाणच हरतं.

म्हणून यंत्र खरं, असं मात्र ठरत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. बाहेर काळोख, खाली अरबी समुद्र, क्षितिज कुठेच नाही. उजवीकडचं छोटं वळण संपून विमान सरळ झालं, तरी कप्तानासमोरचं यंत्र ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. ते सावरायला त्यांनी विमान डावीकडे झुकवलं आणि झुकवतच गेले. सहवैमानिकासमोर दुसरं यंत्र होतं, शिवाय तिसरं राखीव. या माणसांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. विचार करायला त्यांना काही सेकंदच मिळाले होते.

ज्ञान खरं कशावरून, हा आपल्याकडच्या दर्शनांतला जुना वाद. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. त्याला खोडणारं दुसरं ज्ञान येईपर्यंत, किंवा ते ज्या साधनातून आलं त्यात दोष सापडेपर्यंत ते खरं मानावं. नैयायिकांना हे पुरत नाही. समोर दिसलेलं पाणी खरं की मृगजळ, हे तहान भागली की नाही यावरून ठरतं; कृती सफल झाली, तरच ज्ञान खरं. ढगातल्या वैमानिकाला ही परीक्षा परवडत नाही, कारण त्याची तहान धावपट्टीवर चाकं टेकल्यावरच भागते. त्याला मीमांसकासारखंच उडावं लागतं, पण खोडणारं ज्ञान आपण होऊन येण्याची वाट न पाहता ते दर क्षणी शोधत. वैमानिक याला क्रॉसचेक म्हणतात. श्रद्धेहून ही वृत्ती निराळी आणि, प्रामाणिकपणे बोलायचं तर, अधिक कष्टाची.

घरच्या सिम्युलेटरमध्ये यातलं निम्मंच शिकता येतं. खुर्ची हलत नाही, कान खोटं बोलत नाहीत, त्यामुळे स्वतःच्या शरीराची साक्ष नाकारण्याची वेळच येत नाही. उरलेलं निम्मं मात्र तिथे उत्तम शिकता येतं. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये एखादं उपकरण अवचित बिघडेल अशी सोय करता येते. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या जुन्या बनावटीत कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक दोन्ही एकाच हवा ओढणाऱ्या पंपावर चालतात, तर वळण दाखवणारी तबकडी विजेवर. कॅसलरॉकवरच्या ढगात पंप बंद पडला, की त्या दोन्ही तबकड्या मिळून हळूहळू फसवू लागतात. साक्षीदार दोन दिसतात, पण त्यांचं मूळ एकच. मीमांसकांनी साधनातला दोष म्हटलं, तो इथे सापडतो. अशा वेळी दोन्ही तबकड्या कागदाने झाकायच्या, आणि वळण, वेग, उंची व होकायंत्र यांच्या भरवशावर घाट ओलांडून दाभोळी गाठायची.