आधी त्याचे डोळे काढा

कोरा कागद समोर घ्या. पेन्सिल बाजूलाच राहू द्या. बोरिवलीत असाल तर मागे राष्ट्रीय उद्यानाची टेकडी आहे, मुलुंडला किंवा घाटकोपरला असाल तर थोड्या थोड्या वेळाने लोकलचा भोंगा ऐकू येईल. येऊ द्या. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

तुम्हाला एक सुपरहिरो घडवायचा आहे. डोळे मिटलेत की बहुधा आधी केप दिसेल. मग छातीवरचं चिन्ह, घट्ट पोशाख, कमरेवर मुठी. यातलं तुमचं काहीच नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांचा सुपरमॅन जून 1938 च्या अंकात छापून आला आणि तेव्हापासून हे रूप जगभर फिरतं आहे. त्याच्याशी झगडू नका. ते समोरून जाईपर्यंत थांबा.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा. माझ्या वस्तीत असं काय आहे, जे मला बघवत नाही?

उत्तर लगेच नको. स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता मनात पुन्हा चाला. पूल, रिक्षांची रांग, फुलवाली, उघडं गटार, शाळेचं फाटक. पाय जिथे जड होतील तिथे उभे राहा.

तुम्ही उभे असताना मी एका माणसाबद्दल सांगतो. आबिद सुरती. चित्रकार, लेखक, व्यंगचित्रकार, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. त्यांचं बालपण डोंगरीत गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बंदरावरून येणाऱ्या गाडीतले सैनिक मुलांकडे खाऊ फेकत. एकदा कॉमिकचं पुस्तक आलं, मुलांनी झडप घातली आणि आबिदच्या हाती एकच पान लागलं. त्यावर मिकी माउस होता. तो पाहून पाहून मुलगा चित्र काढू लागला.

1976 मध्ये इंद्रजाल कॉमिक्ससाठी त्यांनी बहादूर घडवला. मराठीतही निघणाऱ्या या मालिकेत तोवर राज्य वेताळ आणि मँड्रेकचं होतं. बहादूरला अंगची दैवी शक्ती नव्हती. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा तरुण, डाकूचा मुलगा, आणि त्याला वाढवलं ते बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने. गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रेषेत उभं केलं. मला हा कुर्ता फार मोलाचा वाटतो. गावोगावच्या मुलांना आपल्या घरातल्या दोरीवर वाळणारा कपडा नायकाच्या अंगावर दिसला.

सुरती पुढे मीरा रोडला राहायला गेले, दहिसर ओलांडलं की लागतं तिथे. एका मित्राच्या घरी नळ ठिबकताना त्यांना दिसला. तुम्हीआम्ही असे नळ रोज पाहतो. पण बादलीभर पाण्यासाठी होणारी भांडणं लहानपणी पाहिलेल्या माणसाला तो थेंब बघवेना. सेकंदाला एक थेंब म्हणजे महिन्याला हजार लिटर, असा हिशेब ते सांगत. उत्तर प्रदेश हिंदी संस्थानाकडून पुरस्काराचे एक लाख रुपये मिळाले होते. ते घालून 2007 मध्ये त्यांनी काम सुरू केलं. वय सत्तरीपार. दर रविवारी एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती सोबत घेऊन इमारतीत शिरायचं, घरोघरी बेल वाजवायची, गळका नळ फुकट दुरुस्त करून द्यायचा.

इथे जरा थांबा. कागदावर बहादूर काढवून घेणारा आणि रविवारी वॉशर बदलवून घेणारा माणूस एकच आहे. दोन्ही कामांच्या मुळाशी काय आहे, ते तुमच्या मनात उमटू द्या.

आणखी एक अवघड जागा आहे. तिथेही जाऊन येऊ. 13 मे 2024, घाटकोपर. वादळी वाऱ्यात छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. सतरा माणसं गेली. पालिकेची मर्यादा 40 फूट बाय 40 फूट. हा फलक 120 बाय 120 होता. तुमच्या नायकाला त्या संध्याकाळी तिथे उभा करा. तो लोखंड उचलेल, नक्की उचलेल. आता त्याला काही महिने मागे न्या. फलक शाबूत आहे, खालून गाड्या जात आहेत. तो मान वर करून बघतो का? एवढा मोठा कसा, असं कुणाला जाऊन विचारतो का? माझ्या मते त्याची खरी शक्ती काही महिने आधीच्या या दिवशी कळते. पोलाद वाकवणारे नायक पुष्कळ झाले. वेळेवर पाहणारा डोळा आपल्या उपनगरांना जास्त हवा आहे.

पेन्सिल घ्या आता. डोळ्यांपासून सुरुवात करा, आणि त्यांना बघायला काहीतरी द्या: कागदाच्या कोपऱ्यात तुमचे पाय जिथे थांबले ती गोष्ट काढा. नजर तिकडे वळली की मान वळेल, मानेमागून खांदा येईल, एक पाय आपोआप पुढे पडेल. डोक्यापासून टाचेपर्यंत जाणारी ती एक वाकडी रेषा हलक्या हाताने ओढा. सगळा जीव तिच्यात असतो.

साधारण माणूस साडेसात डोकी उंच काढतात, सुपरहिरो आठ किंवा त्याहून जास्त. तुम्ही किती देणार? साडेसात दिली तर तो लोकलच्या आपल्याच डब्यात चढू शकेल. पोशाख ठरवताना अंधेरीची सकाळची गर्दी आठवा, जुलैचा पाऊस आठवा. कापड ओलं होऊन अंगाला चिकटेल, चपला चिखलात रुततील. हातांवर मात्र वेळ घालवा. हे हात आधी काय काम करत होते? वायरमनचे, परिचारिकेचे, भाजी निवडणाऱ्या मावशींचे? नखं, चट्टे, घट्टे काढा. तो आहे की ती आहे, हेसुद्धा हातांनाच ठरवू द्या.

नाव सुचत नसेल तर जागा मोकळी ठेवा. दुसऱ्या कागदावर तीच आकृती पाठमोरी काढा आणि पूर्ण काळी भरा. चेहरा नाही, चिन्ह नाही. घरातल्या लहान मुलाला दाखवून विचारा, हे कोण, आणि कुठे निघालंय? त्याने दिशा बरोबर सांगितली तर शाई लावा.