उत्तमर्ण आणि अधमर्ण

वर्ध्याबाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या कडेला, मुरूम टाकून सपाट केलेल्या जागेत आणि हिरव्या जाळीच्या कापडाखाली, जुन्या मोटारींच्या विक्रीचे जे मांडव अलीकडे उभे राहिले आहेत, त्यांपैकी एकापाशी मी एका परिचित गृहस्थांच्या सोबतीने गेलो होतो; आणि त्या दिवसापासून ज्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडलेला नाही तो मोटारीविषयीचा नसून धर्मशास्त्रातला आहे, असे मी म्हटले तर वाचकांना हसू येईल, याची मला कल्पना आहे. गृहस्थ देवळी तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. मुलाने गावातला भाजीपाला वर्ध्याच्या बाजारात न्यावा म्हणून एक जुनी पिकअप घ्यावी, असा त्यांचा मनोदय. बँकेने अर्ज परत केला होता, कारण त्यांचे ‘सिबिल’ खराब होते. हे त्यांनी अपराध्यासारखे खाली पाहून सांगितले तेव्हा मांडवाचा मालक प्रसन्न मुद्रेने म्हणाला, “बँक नाही म्हणते ना भाऊ? मंग तुमी आमच्याच कामाचे.”

या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही खरे आहेत. ज्याला कोणी जवळ करीत नाही त्याला मी जवळ करतो, हा एक. आणि ज्याला दुसरीकडे जायला वाट उरलेली नाही तोच माझ्या उपयोगाचा, हा दुसरा. पहिल्या अर्थाने तो मालक संतांच्या पंगतीला बसतो, दुसऱ्या अर्थाने शिकाऱ्यांच्या. एकच इसम, एकच व्यवहार आणि एकाच मुद्रांकाच्या कागदावरील एकच सही, ही पुण्य आणि पाप एकसमयावच्छेदेकरून असू शकते काय, हा तो प्रश्न.

आमच्या गृहस्थांची पत गेली कशी, हेही सांगितले पाहिजे. पीककर्ज थकले होते, हे खरे. परंतु ते थकण्यात कर्जमाफीच्या आशेचा भाग होता आणि ती आशा त्यांनी मनाने निर्माण केलेली नव्हती. 2017 साली एक योजना आली, 2019 साली दुसरी, आणि प्रत्येक वेळी नियमाने फेडणाऱ्यापेक्षा थांबलेलाच शहाणा ठरला असे गावाने पाहिले. 2006 साली ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना खास मदत जाहीर करावी लागली त्यांत वर्धा होता. ज्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने या शेतकऱ्यांच्या पतीचा हिशेब ठेवावयाचा, तिलाच 2012 साली रिझर्व्ह बँकेने नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. बँकेची पत गेली तर सरकारी तिजोरी धावून येते. कास्तकाराची गेली तर 300 पासून 900 पर्यंतच्या मोजपट्टीवर त्याचा एक आकडा लिहिला जातो आणि तो आकडा त्याच्या आधी प्रत्येक दारात पोचतो. त्याच्या बापाने आयुष्यात कोणाचा पैसा बुडवला नाही, ही गोष्ट गावातल्या जुन्या सावकाराला ठाऊक असे. या आकड्याला बाप नसतो.

ऋण देणारा आणि घेणारा यांना संस्कृत भाषेने जी नावे दिली ती मोठी बोलकी आहेत. देणारा तो उत्तमर्ण, घेणारा तो अधमर्ण. व्यवहार होण्यापूर्वी दोघे समोरासमोर उभे असलेले दोन मनुष्य. खत लिहिले गेले की एक उत्तम आणि दुसरा अधम. आपल्या मराठीने ‘साधू’पासून निघालेला सावकार देणाऱ्याला दिला आणि घेणाऱ्याला ‘कूळ’ म्हटले, म्हणजे निदान त्याला घरच्या शब्दाची ऊब तरी दिली. परंतु या उत्तमत्वाविषयी जुन्यांना शंका होती. पाणिनीच्या चौथ्या अध्यायात व्याजबट्टा करणाऱ्याला ‘कुसीदिक’ आणि दहा देऊन अकरा घेणाऱ्याला ‘दशैकादशिक’ म्हणण्याची सोय आहे, आणि ही रूपे साधण्याचा जो अर्थ सूत्रात दिला आहे तो ‘निंद्य असे काही देतो तो’ असा आहे. प्रत्यय लावताना सावकारीची निंदा नोंदवून ठेवणारे व्याकरण दुसऱ्या कोणत्या देशात असेल, असे मला वाटत नाही. ज्याला समाज उत्तम म्हणतो त्याचे देणे व्याकरण गर्ह्य म्हणते. माझा प्रश्न, म्हणजे, सुमारे अडीच हजार वर्षे जुना आहे.

कौटिल्य वैयाकरण नव्हता, त्याला राज्य चालवायचे होते. म्हणून तो निंदेत न अडकता दर सांगतो. शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण ही धर्म्य वृद्धी, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. व्यापाराला पाच पण. अरण्यातून जाणाऱ्यांना दहा. समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. आता मांडवातला दर पाहा. तिथे ‘फ्लॅट बारा टक्के’ असे सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की कौटिल्याच्या पंधरापेक्षा हे स्वस्तच झाले. दीड लाख रुपये, तीन वर्षे, बारा टक्क्यांप्रमाणे व्याज चोपन्न हजार, एकूण दोन लाख चार हजार, छत्तीस हप्ते. दरमहा पाच हजार सहाशे सदुसष्ट. हिशेब सरळ दिसतो. परंतु पहिल्या हप्त्यापासून मुद्दल फिटत जाते आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पुऱ्या दीड लाखावर धरलेले असते. घटत्या शिलकेवर मांडले तर तोच दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. धर्म्य मर्यादेच्या आत असल्याचा भास देऊन मर्यादा ओलांडण्याची ही युक्ती अर्थशास्त्रकर्त्यालाही कौतुकास्पद वाटली असती, आणि लागलीच त्याने तिच्यासाठी दंड लिहिला असता.

तथापि दर हा या व्यवहाराचा दर्शनी भाग आहे. खरी गोम ही की येथे विकणारा आणि उधार देणारा एकच आहे. काही मांडवांत वित्तकंपनीचा माणूस त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. काही ठिकाणी पैसा मालकाचाच असतो, आणि राज्याच्या 2014 च्या सावकारी अधिनियमाचा परवाना भिंतीवर टांगलेला असतोच असे नाही. विकणाराच सावकार झाला की किंमत कुठे संपते आणि व्याज कुठे सुरू होते, हे कोणाला सांगता येणार? रोखीने दीड लाखाला जाणारी गाडी उधारीने एक लाख नव्वद हजारांना सांगितली, तर वरचे चाळीस हजार हे भाव की व्याज? या एका मुद्द्यावर जगातल्या दोन मोठ्या धर्मपरंपरांची वाट फुटली आहे. तेराव्या शतकातला ख्रिस्ती पंडित थॉमस अक्वायनस म्हणतो की मुदत दिली म्हणून वाजवी किमतीहून अधिक घेणे ही उघड सावकारी होय, कारण किमतीसाठी असे थांबणे म्हणजे कर्ज देण्यासारखेच आहे. इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी व्याज सर्वस्वी निषिद्ध मानले, आणि तरीही त्यांच्यातल्या बहुतेकांनी उधारीचा अधिक भाव ग्राह्य धरला. मात्र तो व्यवहार ठरतानाच एकदा निश्चित व्हावा आणि पुढे मुदत टळली म्हणून वाढू नये, अशी अट घातली. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. तिच्यात घेणाऱ्याला आपले मरण किती मोठे आहे हे आधी कळते.

आपल्याकडे याच कामी दामदुपटीचा नियम होता : व्याजाची रक्कम एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही. स्मृतिकारांपासून इंग्रजी अदालतींपर्यंत टिकून राहिलेली ही वेस किती माणसांच्या घरादाराची राखण करीत आली असेल! परंतु वेस मुद्दलापासून मोजली जाते. मुद्दलच आधी फुगवून खतात लिहिले, तर दामदुपटीने काय राखावे?

जोखमीचा युक्तिवाद उरतो, आणि तो टाकाऊ नाही. ज्याचे बुडण्याचे भय अधिक त्याच्याकडून अधिक घ्यावे, हे कौटिल्यालाही मान्यच होते. अरण्य आणि समुद्र यांचे दर त्याने उगीच चढवले नाहीत. परंतु अरण्यातून जाणारा सार्थवाह पलीकडच्या नगरीत दुप्पट भावाने माल विकण्यासाठी जात होता, आणि तो वाटेत लुटला गेला तर धनकोचे धनही त्याच्याबरोबर लुटले जात होते. आमच्या देवळीच्या गृहस्थांचे अरण्य म्हणजे त्यांचे दारिद्र्य. त्याच्या पलीकडे कोणतीही नगरी नाही. आणि ते वाटेत पडले तर सावकाराचे काय बुडते? बुडेल या भयापोटीच त्याने वाढीव दर घेतला, पण बुडणार नाही याची तजवीजही त्याने केलेली आहे : तीस टक्के रोख आधी घेतलेले, एक जामीन, सह्या केलेले दोन कोरे धनादेश, गाडीच्या कागदावर चढवलेला बोजा, आणि दुसरी चावी मालकाच्या खणात. दोन हप्ते थकले की एका रात्री गाडी ओढून आणायची, धुवायची, आणि पुन्हा मांडवात उभी करायची. वसुलीसाठी गुंड पाठवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली एका बँकेच्या खटल्यात बजावले; दुसरी चावी असली की गुंडाची गरजच काय? अमेरिकेत तर असे मांडव गाडीत एक यंत्रच बसवतात; हप्ता चुकला की दुरूनच कळ दाबली जाते आणि इंजिन चालू होत नाही. तिथे एकच गाडी चार-चार कुळांना विकली गेल्याची उदाहरणे आहेत.

येथे मला माझ्या प्रश्नाच्या उत्तराचे टोक सापडल्यासारखे वाटते. वैदिक कल्पनेत मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्माला येतो; पण त्या कल्पनेचा रोख ऋणावर नसून आनृण्यावर आहे. पितरांना नातू हवा असतो, ऋषींना विद्यार्थी हवा असतो. हे उत्तमर्ण असे आहेत की अधमर्णाच्या मुक्ततेतच त्यांचे हित आहे. दर सव्वा असो की पाच, ज्या सावकाराला आपले कूळ बेबाक व्हावे असे मनातून वाटते, त्याला मी सुखाने साधू म्हणेन. आणि ज्याचा धंदा कूळ अडखळण्यावर अधिक फायद्याचा होतो, त्याने बिनव्याजी दिले तरी त्याचे देणे पाणिनीच्या सूत्राबाहेर पडत नाही. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला मागायचा, की कापूस जिनिंगवर गेल्यानंतर सुगीला, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरात मालकाचे अंतःकरण दिसून येते. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा येते त्याच्याकडे ज्येष्ठ-आषाढात, बियाण्याला पैका नसताना, तगादा लावणारा माणूस हिशेबात चुकत नाही, त्याला चूकच हवी असते. सगळेच तसे असतात असे मात्र नाही. सुगीपर्यंत थांबणारा एक मालक मला हिंगणघाटला भेटला, आणि त्याचा धंदा बेताचाच चालला होता, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

वर्ध्यात बसून हे लिहिताना विश्वस्तपणाची कल्पना आठवल्यावाचून राहत नाही. 1907 साली, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, जमनालाल बजाज यांनी दत्तक आजोबा बच्छराज यांना पत्र लिहून त्यांच्या इस्टेटीवरचा आपला हक्क सोडून दिला होता. पुढे त्यांच्याच आग्रहाने गांधीजी वर्ध्याला आले, 1936 साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. आणि मालकाने स्वतःला मालक न समजता विश्वस्त समजावे, हा विचार येथल्या हवेत कालवला गेला. त्याच घराण्याच्या उद्योगाने 1987 साली दुचाकी-तीनचाकींच्या हप्त्यांसाठी एक वित्तकंपनी काढली, हा इतिहासाचा ओघ. त्यात दोष देण्यासारखे काही नाही. मला मौज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हप्त्यावरच्या गाडीत विश्वस्त झालेला असतो तो ऋणको! गाडी त्याच्या अंगणात उभी. तेल, टायर, विमा त्याचा. अपघाताची जबाबदारी त्याची. आणि भाडेखरेदीचा करार असेल तर शेवटच्या हप्त्यापर्यंत मालकी दुसऱ्याची. ‘हे माझे नव्हे’ ही भावना गांधीजींना धनिकाच्या ठायी हवी होती, ती आपण कोऱ्या धनादेशाच्या बळावर कास्तकाराच्या ठायी उत्पन्न केली.

मीमांसकांनी दानाचा विचार करताना स्वत्वाचा मोठा काथ्याकूट केला आहे : जे आपले नाही ते देता येत नाही, सर्वस्व देण्याच्या विश्वजित यज्ञातही राजाला भूमी देता येणार नाही, कारण ती सर्वांची. मग दसऱ्याला ऋणको गाडीची पूजा करतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, त्या पूजेचा यजमान कोण? हा प्रश्न मी मांडवाच्या मालकाला विचारला. तो खो खो हसला आणि म्हणाला, “पूजा त्यायनं करावं, हार बी त्यायचाच. आमाले फक्त पस्तीस नंबरचा फॉर्म ठाऊक.” पस्तीस नंबरचा फॉर्म म्हणजे बोजा उतरल्याची कबुली, त्यावर त्याची सही होईल त्या दिवशी कूळ मोकळे. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. तेवढे कोणाकडून अपेक्षिण्याचा अधिकार मला नाही. त्याच्या खणात या फॉर्मचा गठ्ठा होता. तो त्याने मला काढून दाखवला. वरची दोन-तीन पाने धुळीने पिवळसर झाली होती.

आम्ही निघालो तेव्हा मांडवाच्या मागच्या बाजूला एक मुलगा, ओढून आणलेल्या एका पिकअपच्या समोरच्या काचेवरची अक्षरे पात्याने खरडत बसला होता. वरच्या ओळीत कोणा मुलीचे नाव होते, ते जवळजवळ गेले होते. खाली ‘आईचा आशीर्वाद’ होते. आमचे गृहस्थ गाडीभोवती एक फेरी मारून आले, टायर पायाने दाबून पाहिले, आणि त्या मुलाला म्हणाले, “नाव काढ बाप्पा. खालचं राहू दे.”