मागच्या घरापुरती शांतता

उत्सवातल्या आवाजावर आपल्याकडे वाद होतो तो ‘किती’ यावर. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, असं २००० सालच्या नियमांत लिहिलेलं आहे; ते किती पाळलं जातं हे सांगायला नको. ‘कोणाला’ हा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक मामा आणि साउंडचा धंदा करणारा त्यांचा भाचा यांच्यात तो निघाला, असं समजू.

भाचा : मामा, स्टेजच्या मागच्या बंगल्यात एक आजोबा आहेत, हार्ट पेशंट. मुलाने पोलिसांत अर्ज दिलाय. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, तेवढ्या घरापुरता बेस कट कर. करता येतो.

मामा : कसा?

भाचा : दोन बेसचे स्पीकर एकामागे एक, पावणेदोन मीटरवर. मागच्याचा फेज उलटा, वर पाच मिलिसेकंद डिले. पुढच्याची लाट मागे पोचते त्याच क्षणी मागचा उलटा धक्का देतो. बंगल्याकडे वजाबाकी, पब्लिककडे बेरीज. भिंतींवरून थोडं परत येतं, पण फरक खूप पडतो.

मामा : ५० हर्ट्झची लाट सुमारे सात मीटरची, तिचा पाव हिस्सा पावणेदोन. बरोबर. पण वजा झालेलं गेलं कुठे?

भाचा : पब्लिककडे. एका बेसपेक्षा तिथे सहा डेसिबल जास्त. त्यांना तेच तर हवंय! नको त्याचं काढून हवं त्याला दिलं.

मामा : पब्लिक कुठवर आहे?

भाचा : कमानीपर्यंत.

मामा : आणि आवाज?

भाचा : कमानीपलीकडे चाळ आहे. पण तिथून अर्ज नाही. तिथलीच पोरं मंडळात आहेत.

मामा : पोरं आहेत. त्यांच्या आज्या?

भाचा : हे बघा, मी काहीच केलं नाही तरी आवाज दोन्हीकडे जाणारच आहे. मग एक घर वाचत असेल तर वाचवू नये?

(याला सोपं उत्तर नाही. सगळ्यांना सारखा त्रास म्हणजे न्याय, असं म्हणायला आपलं घर स्टेजपासून लांब असावं लागतं.)

मामा : न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त व्हिएतनामकडच्या टोंकिनमधल्या एका बंदराचं कोडं सोडवलंय. त्याच्या मते भरती दोन वाटांनी तिथे यायची, एक दुसरीच्या सहा तास मागे. चंद्र विषुववृत्तावर असला की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि पाणी जागचं हलायचं नाही. तिथल्या कोळ्यांनी अर्ज केला नव्हता. तुझ्या गल्लीत मात्र पाणी कुठे थांबायचं हे तू ठरवतोयस.

भाचा : ठरवायला कुणीतरी लागतंच.

मामा : बरं. समज, पोलिस आले, एक बेस बंद करा म्हणाले. तू मागचा बंद केलास.

भाचा : पब्लिककडे सहा डेसिबल उतरेल.

मामा : आणि आजोबांकडे?

भाचा : चढेल. एकट्या पुढच्या बेसचा पूर्ण आवाज त्यांच्या खोलीत.

मामा : निम्मा गोंगाट थांबवल्यावर झोपमोड होते, अशी ही शांतता. दोन्ही बेस तिथे पोचतातच, फक्त एकमेकांना पुरून उरत नाहीत. उपद्रव चालू राहिला तरच आजोबांना आराम.

भाचा : पेशंटला झोप हवी असते मामा, झोपेची मीमांसा नको.

मामा : मान्य. आणि मीटर घेऊन येणारा माणूस कुठे उभा राहील?

भाचा : बंगल्याच्या फाटकात. अर्ज तिथला आहे ना. (हसतो.) अध्यक्षांच्या डोक्यात तेच आहे.

मामा : म्हणजे वायरिंग एकच, तुझ्यासाठी दया आणि अध्यक्षांसाठी पळवाट.

भाचा : त्यांच्या हेतूसाठी मी आजोबांना जागं ठेवू? दोन्ही बेस चिकटवून एका फेजमध्ये लावले तर बंगला आणि चाळ, दोन्हीकडे सारखं. मग कमी करायचं तर सगळ्यांसाठीच कमी करावं लागेल. अध्यक्ष ते करणार नाहीत.

मामा : तुझ्या हातात मिक्सर आहे.

भाचा : आणि त्यांच्या हातात माझं बिल.

(मामांना यावर बोलायला जागा नव्हती. पेन्शनीत बसून बाणेदारपणा शिकवणं स्वस्त पडतं.)

भाचा : फेज उलटाच ठेवतो. पण मास्टर लावताना मीटर चाळीच्या जिन्यात धरतो, आणि तिथे नियमात जेवढा बसेल तेवढाच वर नेतो.

मामा : अध्यक्ष विचारतील, तिथे कशाला?

भाचा : तिथून अर्ज आलेला नाही म्हणून.