दोर केव्हा सैल सोडावा?

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता ३२, कलस्सै ३:२१



स्तोत्रसंहितेतील बत्तिसावे स्तोत्र पापक्षमेच्या आनंदाचे आहे. त्या आनंदात स्तोत्रकर्ता एकाएकी घोडा व खेचर यांचे नाव घेतो. लगामाने आवरल्यावाचून जी जनावरे जवळ येत नाहीत, त्यांच्यासारखे आपण होऊ नये, असा इशारा नवव्या वचनात आहे. या वचनावर आम्ही अनेकदा बोललो. घोडा म्हणजे हट्टी माणूस आणि लगाम म्हणजे देवाची शिक्षा, एवढे सांगितले की आमचा उपदेश संपे. मात्र घोड्याला कसे शिकवितात, हे आम्ही कधी पाहिले नव्हते.

तो योग मागच्या हिवाळ्यात आला. इंदुरात आमच्या घराजवळ एक वयस्क गृहस्थ वरातीसाठी घोडे पाळतात. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत मोतद्दार होते. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांची मोठी यात्रा भरते; तेथून त्यांनी दोन वर्षांचे एक शिंगरू आणले. पुढे बँड, फटाके व दिव्यांचा झगमगाट यांत त्याला शांत उभे राहावयाचे होते.

"याच्यावर स्वार केव्हा बसणार?" आम्ही विचारले.

"अजून वर्षभर तरी नाही. आधी जमिनीवरचे शिक्षण. जे जमिनीवर माझ्याबरोबर चालत नाही, ते मी पाठीवर बसल्यावर माझे काय ऐकणार?"

आम्ही रोज सकाळी पाहू लागलो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. अगदी कपाळासमोरचे व थेट शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून काका समोरून किंवा मागून जात नसत. हळू बोलत ते खांद्याच्या रोखाने जात, हात हुंगू देत व मानेच्या मुळाशी खाजवीत. मग मोहरकी चढवीत. दोराची जास्तीची लांबी ते घडी करून हाती धरीत. मुठीभोवती कधी गुंडाळीत नसत, कारण जनावर बिथरले तर हात अडकून माणूस फरफटत जातो. धडा दहा-पंधरा मिनिटांचाच असे आणि शिंगराला नीट जमलेल्या गोष्टीवरच तो संपे.

एके दिवशी त्यांनी दोर आमच्या हाती दिला. आम्ही शिंगरासमोर उभे राहून ओढू लागलो. त्याने चारही पाय रोवले व मान वर केली. आम्ही आणखी जोराने ओढले.

"भाऊ, ताकदीत तुम्ही हरणारच," काका म्हणाले. "ते तुमच्या चार-पाचपट वजनाचे आहे. आणि तुम्ही घाबरला आहात, हे त्याला दोरातून कळते. त्याच्या खांद्याशी उभे राहा. जायचे तिकडे पाहा. दोर एका बाजूला हलकेच ताणून धरा आणि थांबा."

आम्ही थांबलो. बाजूच्या ताणाने तोल सांभाळण्यासाठी शिंगराने एक पाय उचलला.

"आता सोडा! लगेच सैल सोडा!"

आम्हांला उशीर झाला. दुसऱ्या खेपेस मात्र साधले. चौथ्या-पाचव्या खेपेस दोर ताणण्यापूर्वीच शिंगरू आमच्याबरोबर चालू लागले. "ते ओढण्याने शिकत नाही," काका म्हणाले, "सोडण्याने शिकते. बरोबर पाऊल टाकले त्याच क्षणी दोर सैल झाला, तर त्याला कळते की माणसाला हेच हवे होते. पाऊल टाकूनही ताण राहिला, तर ते कशासाठी ऐकेल?"

यात लाड नव्हते. शिंगरू झुंजत असताना काका दोर सोडीत नसत. तसे केले तर झुंजल्याने सुटका होते, हेच ते शिकते. एकदा त्याने बाहीला दात लावले, तेव्हा त्याच क्षणी कडक शब्द व दोराला हिसका मिळाला. पण पुढच्या क्षणी काकांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीक लेखक झेनोफोन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये, हा त्यातला मुख्य नियम आहे.

त्या दिवशी घरी येताना आम्हांला एक मुलगा आठवला. आमच्या शब्बाथ शाळेच्या वर्गातला, बारा वर्षांचा. तो वर्गात गडबड करी. एका रविवारी आम्ही त्याला सर्वांसमोर उभे करून बोललो. पुढच्या रविवारी तो येऊन निमूट बसला, म्हणजे त्याने बरोबर पाऊल टाकले होते; पण आम्ही पुन्हा मागचेच काढले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग तो यायचा थांबला. मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खचतील, अशा अर्थाचे जे पौलाने कलस्सैकरांस लिहिले, ते आम्ही पालकांना शिकवीत होतो. स्वतः मात्र दोर ताणूनच धरला होता.

त्या रात्री आम्ही बत्तिसावे स्तोत्र पुन्हा वाचले. चौथ्या वचनात, पाप लपवून गप्प राहिलेल्या स्तोत्रकर्त्यावर देवाचा हात रात्रंदिवस भारी आहे. पाचव्या वचनात तो पाप कबूल करतो, आणि त्याच वचनात त्याला क्षमा मिळते. मध्ये एका वचनाचेही अंतर नाही! देवाने हात आधी काढला नाही व क्षणभर जास्त ठेवला नाही. त्यानंतर आठव्या वचनात तो वाट शिकविण्याचे व आपल्यावर दृष्टी ठेवण्याचे अभिवचन देतो. लगामाचा इशारा त्याच्याही नंतर आहे. देवाला आपल्याला ओढावयाचे नाही. त्याच्या दृष्टीच्या इशाऱ्याने आपण चालावे, ही त्याची इच्छा आहे.

झावळ्यांच्या रविवारचे वर्णनही आता आम्हांला वेगळे दिसते. प्रभू ज्या शिंगरावर बसला ते गाढवीचे होते, आणि त्यावर पूर्वी कोणी बसले नव्हते, असे मार्क सांगतो. वाटेवर पसरलेली वस्त्रे, डहाळ्या व लोकांचा गजर, यांतून ते प्रभूला घेऊन यरुशलेमेत गेले. त्याची आईही बरोबर आणली होती, असे मत्तय सांगतो. आमचा प्रभू नव्या जिवाला भेदरवीत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात जाण्यापूर्वी आपला राग व आपली भीती प्रभूपाशी ठेवा. चुकीला त्या वेळी स्पष्टपणे चूक म्हणा, पण थोडक्यात. आणि मूल एक पाऊल पुढे आले की दोर सैल सोडा. मागचे काढू नका.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. उंबऱ्याशी उभे राहून त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. वर्गात तो अजून आलेला नाही. पण परवा बाजारात आम्हांला पाहून त्याने वाट बदलली नाही, मान हलविली. आम्हीही नुसती मान हलविली व पुढे गेलो. ते एक पाऊल होते.

हे प्रभू, तुझा हात आम्हांवर भारी असता आम्ही लवकर वळावे, आणि तू आम्हांला जसे सोडलेस तसे आम्हीही इतरांस सोडावे, अशी कृपा कर. आमेन.