मसुद्यातला अलिफ

राजनैतिक बैठकांची भाषा पोकळ असते, असा सर्वत्र समज आहे. ‘चिंता व्यक्त करते’, ‘आवाहन करते’, ‘हा विषय विचाराधीन ठेवते’ अशी वाक्ये वर्तमानपत्रात आली की आपण पुढच्या बातमीकडे वळतो. जो माणूस ती इंग्रजीतून अरबीत नेतो, त्याला तसे वळता येत नाही. इंग्रजी जिथे मोघम राहून निभावून नेते, तिथे अरबी व्याकरण अनेकदा ठाम उत्तर मागते. आणि ते उत्तर देण्याचा अधिकार अनुवादकाला कोणीच दिलेला नसतो. शब्द सापडणे कठीण असतेच, पण त्याहून कठीण आहे तो न मिळालेला अधिकार न वापरणे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावातली क्रियापदे घ्या. विनंती, आवाहन, आग्रह, मागणी, निर्णय अशा त्यांच्या पायऱ्या आहेत आणि कोणत्या देशाला कोणत्या पायरीवर उभे करायचे, यासाठी शिष्टमंडळे रात्र-रात्र जागतात. अरबीत परिषद महासचिवांकडे अहवालाची विनंती करते तेव्हा क्रियापद असते ‘यत्लुबु’. लढणाऱ्या पक्षांकडे शस्त्रसंधीची मागणी करते तेव्हा ‘युतालिबु’. दोन्ही एकाच धातूची रूपे. छापील अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर या दोहोंत फरक उरतो तो एका अलिफचा, म्हणजे एका उभ्या रेघेचा. ती रेघ सुटली की मागणीची विनंती होते. इथे शैलीचा मोह आवरावा लागतो. अरबी गद्याला समानार्थी शब्दांची जोडी लावून वाक्य भारदस्त करण्याची जुनी, सुंदर परंपरा आहे. पण ठरावात ‘निषेध’ एवढेच असेल तर त्याला ‘तीव्र’ची जोड देता येत नाही, कारण ‘तीव्र’ ही वेगळी, स्वतंत्रपणे मिळवावी लागणारी पायरी आहे. चांगला अनुवाद इथे रूक्ष वाटतो, आणि तो रूक्षपणा मला प्रामाणिकपणाचा भाग वाटतो.

खरा पेच मात्र वचनाचा. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले त्यांना द्विवचन आठवत असेल. अरबीत ते आजही जिवंत आहे. इंग्रजी ठरावात नुसते ‘पक्षांनी’ म्हटले, की ते दोन असोत वा चार, वाक्य चालते. अरबीत ‘अत-तरफान’ म्हणजे नेमके दोन पक्ष, ‘अल-अतराफ’ म्हणजे दोनाहून अधिक. (आपल्या ‘दुतर्फा’तला तर्फ तो हाच.) आता पश्चिम सहाराचा वाद पाहा. अल्जीरियाच्या मते वादातले पक्ष दोनच, मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी पोलिसारियो संघटना. मोरोक्कोचे म्हणणे, अल्जीरियाही पक्षच आहे. म्हणजे पक्ष किती हाच वादाचा एक गाभा, आणि इंग्रजी मसुद्याने तो अनेकवचनाच्या आडोशाला ठेवला असेल, तर अरबी अनुवादकाला तो आडोसा मिळत नाही. मागचे ठराव काढून, पूर्वी काय लिहिले गेले ते बघून, त्याच्याशी सुसंगत राहणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे असतो. अशा वेळी पूर्वीच्या शब्दाला चिकटून राहणे आळसाचे लक्षण समजू नये. त्यात दुसऱ्याच्या वादात आपण न्यायाधीश न होण्याची दक्षता आहे.

बोलणाऱ्या दुभाष्याला तर मागचे ठराव काढायलाही सवड नसते. सहा भाषांच्या बैठकीत इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश यांच्या कक्षांत दोघे-दोघे बसतात, अरबी आणि चिनी कक्षांत तिघे, कारण या दोन कक्षांना आपल्या भाषेत आणि आपल्या भाषेतून असे दोन्ही दिशांनी काम करावे लागते. इंग्रजीत सगळ्यांना पुरणारे एकच आदरार्थी संबोधन अरबी दुभाष्याच्या कानावर पडते, आणि अरबीत राष्ट्राध्यक्षाला ‘फखामा’, मंत्र्याला ‘मआली’, राजदूताला ‘सआदा’. ‘राजमान्य राजेश्री’ आणि ‘चिरंजीव’ यांची अदलाबदल झालेले पत्र जुन्या मराठी घरात कसे वाचले गेले असते, ते आठवून पाहावे. त्यातच अरबी बोलणारे देशही एका वळणाचे नाहीत. नोव्हेंबरला दमास्कस आणि बगदादमध्ये ‘तिश्रीन अस-सानी’ म्हणतात, कैरोत त्याच नावाला जवळचे ‘नोफेंबर’. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अरबी दस्तऐवजांत महिन्याची दोन्ही नावे तिरकी रेघ देऊन शेजारी-शेजारी छापतात. मला ती रेघ फार आवडते. कोणालाही परके न करता तारीख सांगण्याची ती रीत आहे.

हे सगळे अरबीला उशिरा मिळाले. महासभेत तिला अधिकृत भाषेचे स्थान 18 डिसेंबर 1973 रोजी मिळाले, आणि पहिल्या तीन वर्षांचा खर्च अरब देशांनी मिळून उचलला. सुरक्षा परिषदेत तर 1982 उजाडले. म्हणजे 22 नोव्हेंबर 1967 चा ठराव क्रमांक 242 संमत झाला तेव्हा परिषदेत अरबी नव्हतीच. इस्रायली सैन्याने युद्धात व्यापलेल्या ‘प्रदेशांतून’ माघार घ्यावी, असे त्यात इंग्रजीत निश्चित उपपद गाळून म्हटले आहे. फ्रेंचमध्ये निश्चित रूप आहे. ही गफलत म्हणता येणार नाही. त्याच वर्षी महासभेत लॅटिन अमेरिकी देशांनी मांडलेल्या मसुद्यात ‘सर्व प्रदेशांतून’ असे स्पष्ट होते आणि तो पुरेशा मतांअभावी पडला. अरबीत मात्र ‘अराज़िन’ आणि ‘अल-अराज़ी’ यांतून एक निवडावेच लागते, आणि निवडले की एक बाजू घेतली असे दुसऱ्याला वाटते. ज्यांच्या जमिनीबद्दल हा ठराव होता, त्यांतल्या बहुसंख्यांनी तो अशा अनुवादातून वाचला, ज्याला परिषदेत अधिकृत पाठाचा दर्जा नव्हता. याची खंत आजही वाटावी.

पुढे 26 मार्च 1979 च्या इजिप्त-इस्रायल तहात अरबी, हिब्रू, इंग्रजी तिन्ही पाठ समान प्रमाण मानले, आणि लगेच पुढच्या वाक्यात मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ निर्णायक ठरेल असे लिहिले. 1994 च्या जॉर्डन-इस्रायल तहातही तसेच. व्यवहार म्हणून मी हे समजू शकतो. दोन भाषांच्या भांडणात तिसरी पंच लागते. पण तेवढ्याने अनुवादकाची जबाबदारी हलकी होत नाही. तहाचे समर्थन किंवा विरोध कैरोच्या रस्त्यावर अरबीतच झाला.

म्हणून माझे म्हणणे असे की, ज्या टेबलावर मसुद्याची घासाघीस बहुतेक इंग्रजीतच चालते, त्याच टेबलावर अरबी अनुवादकाला लवकर बसवावे. पक्ष दोन की अनेक, प्रदेश सर्व की काही, हे प्रश्न तो अनुवादाला बसताच विचारील. यावर मुत्सद्दी म्हणतील की हे प्रश्न निघू नयेत म्हणूनच तर आम्ही ते मोघम ठेवले. निघाले तर ठरावच होणार नाही. आक्षेप वजनदार आहे, आणि कधीकधी मोघमपणामुळेच गोळीबार थांबतो, हेही मान्य. तरी तो प्रश्न मतदानाआधी जाणत्यांच्या खोलीत निघालेला बरा, नाहीतर मध्यरात्री मुदत गाठणाऱ्या एका अनुवादकाला त्याचे उत्तर एकट्याने द्यावे लागते.