केळ्याला बी कुठे असतं?

आज गीतेच्या दहाव्या अध्यायातला 39वा श्लोक वाचला. भगवंत तिथे स्वतःला सगळ्या भूतांचं बीज म्हणवतात. समोर नैवेद्याचं केळं होतं. मनात आलं, देवा, ह्याला तर बीच नाही!

खायच्या केळ्याची लागवड होते कंदाला फुटणाऱ्या मुनव्यांवर. मुनवा म्हणजे आईच, जशीच्या तशी, जीन्सही तेच. म्हणून एकीला लागलेला रोग सगळ्यांना धरतो. मध्य अमेरिकेतल्या ग्रो मिशेल जातीच्या बागाच्या बागा पनामा रोगाने अशाच बसल्या.

आणि मला सगळे म्हणतात, "अगदी बाबांवर गेलायस." त्यांचा राग तर हुबेहूब उचललाय. काल आईवर ओरडलो, ते शब्दसुद्धा त्यांचेच.

पण श्लोक पुढे सांगतो, त्याच्यावाचून चराचरात काहीच नाही. म्हणजे बिनबियांच्या केळ्यातही तोच. मग माझं मूळ बाबांपाशी कसं थांबेल? त्यांच्याही मागे तोच ना! (बाबा रोज न चुकता तुळशीला पाणी घालायचे, ते मात्र मी सोयीने विसरतो.)

प्रसादाचं केळं आईला दिलं. "चुकलो" म्हणताना आवाज बाबांसारखाच निघाला. ती हसली.