एकट्यावर आलेला फर्ज

जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे, हे आपल्याला मक्तबात किंवा घरात लहानपणीच कळते. वस्तीतल्या काही जणांनी ती अदा केली की साऱ्यांची जबाबदारी उतरते. कोणीच उभे राहिले नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. याच नियमाला फिकहने एक पुस्ती जोडली आहे, तिच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ते काम करू शकणारा एकच माणूस हजर असेल, तर सर्वांचा तो फर्ज त्या एकट्यावर येतो. किफायाचा ऐन होतो. कोणी बुडत असेल आणि काठावर पोहता येणारा एकटाच असेल, तर 'दुसरा कोणी जाईल' असे त्याला म्हणता येत नाही.

या पुस्तीची आठवण व्हावी असा प्रश्न आजच्या वैद्यकशास्त्राने आपल्यापुढे आणून ठेवला आहे. तो म्हणजे अस्थिमज्जेच्या, म्हणजे बोन मॅरोच्या दानाचा.

रक्तदान हे किफायाच्या जातीचे काम आहे. रक्तगट मोजके असतात. मी नाही दिले तर त्याच गटाचा दुसरा कोणी देतो. मज्जेचे तसे नाही. थॅलसेमिया, रक्ताचा कर्करोग किंवा अप्लास्टिक अॅनिमिया झालेल्या रुग्णाला दुसऱ्याच्या मूळपेशी द्यायच्या, तर दोघांच्या 'एचएलए' नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. सहाव्या गुणसूत्रावरच्या या खुणांचे हजारो प्रकार आहेत. निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. म्हणून आईवडील सहसा निम्मेच जुळतात आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. जवळच्या नात्यात लग्ने होत आलेल्या घराण्यांत चुलत-मावस भावंडेही कधी जुळतात. पण थॅलसेमियासारखे आजार वाढतात तेही अशाच लग्नांमुळे. घरात कोणी जुळले नाही, की शोध अनोळखी माणसांत सुरू होतो. लाखो नावांतून एखादेच हाती लागते. काठावरचा एकटा पोहणारा तो हाच.

आता त्याने 'नाही' म्हटले तर?

हा प्रश्न 1978 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या न्यायालयापुढे आला होता. अप्लास्टिक अॅनिमियाने आजारी असलेल्या एका माणसाचा चुलत भाऊ प्राथमिक तपासणीत जुळला. त्यानंतर त्याचे मन बदलले आणि त्याने पुढच्या तपासणीला नकार दिला. रुग्णाने न्यायालयाकडे दाद मागितली. न्यायाधीशांनी हा नकार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवला; पण एकाचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या शरीरातून बळजबरीने काही काढून घ्यायला कायदा मुभा देऊ शकत नाही, असा निकाल दिला. काही आठवड्यांतच तो रुग्ण वारला.

या निकालात विसंगती आहे असे पुष्कळांना वाटते. आम्हाला वाटत नाही. कर्तव्य असणे वेगळे आणि त्याची सक्ती करता येणे वेगळे. रोजा ठेवला की नाही, हे घरात शिरून तपासण्याचा हक्क कोणाला नाही. म्हणून रोज्याचा फर्ज हलका होत नाही. ज्याची वसुली कोणताही काझी करू शकत नाही, त्या फर्जाचा हिशेब माणसाला थेट अल्लाहकडे द्यायचा असतो. सक्ती नसली की ओझे कमी होते, ही आपली सोयीची समजूत आहे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, ते आपण कसे वाटून टाकायचे, अशी शंका आपल्यात नेहमी निघते. शंका प्रामाणिक आहे आणि तिला उत्तरही मिळाले आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 च्या अधिवेशनात रक्त आणि त्वचेसारखे, शरीरात पुन्हा तयार होणारे भाग दुसऱ्याला देणे जायज ठरवले. देणारा जाणता आणि सज्ञान असावा, ही अट घातली. मज्जा याच प्रकारात मोडते. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून निघतात. ती पाठीच्या कण्यातून काढतात, ही भीतीही निराधार आहे. बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देतात आणि मग काही तास यंत्राला जोडून रक्तातल्या मूळपेशी वेगळ्या करतात. त्या दिवसांत अंग दुखते. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. त्रास अजिबात नाही असे सांगणे खोटे ठरेल. पण एका जिवापुढे तो किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्या मते सगळे नकार सारखे नसतात. ज्याने नाव नोंदवलेच नाही, त्याचा नकार एक. नाव नोंदवून बोलावणे आल्यावर कचरणाऱ्याचा दुसरा; त्याने कोणाच्या तरी मनात आशा जागवलेली असते. तिसरा सर्वांत भारी. प्रत्यारोपणाच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाला जबर औषधे देऊन त्याची स्वतःची मज्जा मारतात. त्यानंतर दाता मागे फिरला तर रुग्णाच्या अंगात रक्त तयार करणारे काही उरलेले नसते. कायद्याने दाता तेव्हाही मोकळाच असतो. पण वादा आणि अमानत या शब्दांना आपल्या लेखी काही अर्थ असेल, तर ती मोकळीक वापरणे म्हणजे बुडणाऱ्याला दिलेला दोर मध्येच सोडणे होय. नाही म्हणायचे तर आधी म्हणावे, स्पष्ट म्हणावे.

आपल्याकडे मागे फिरणारे बहुधा स्वतःच्या मनाने फिरत नाहीत. 'घरचे नको म्हणतात' हे त्यांचे उत्तर असते. मुलगी असेल तर 'उद्या लग्नाला अडचण येईल' अशी पुरवणी जोडली जाते. ज्याच्यावर फर्ज आला त्याला घराने अडवायचे, तर जबाबदारीत घरही वाटेकरी होते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, आता निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपणे होतात, मग एकट्यावर एवढा भार का? होतात, आणि त्यामुळे अनेक जीव वाचतात, ही अल्लाहची मेहेरबानी. पण प्रत्येकाला ती वाट चालत नाही.

शिवाय आपली माणसे आपणच शोधायची आहेत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्यांना पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता 75 टक्के निघाली, तर काही कृष्णवर्णीय गटांत अवघी 16 टक्के. कारण या खुणा वंशाच्या वाटेने चालतात आणि ज्यांची नावे नोंदणीत थोडी, त्यांना दाते थोडे. आपल्या देशात 2009 साली चेन्नईत 'दात्री' ही नोंदणी संस्था सुरू झाली. नाव नोंदवताना गालाच्या आतला नमुना दिला की पुरते.

महाराष्ट्रातले आपण बहुतेक मुसलमान याच मातीतले. त्यामुळे आपल्याशी जुळणारा रुग्ण मशिदीच्या सफेत शेजारी उभा राहणारा असेल, किंवा दर एकादशीला उपवास करणारा. त्याचे नाव दात्याला आधी सांगितले जात नाही. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असा सदका करावा, असे आपण एकमेकांना सांगत असतो. इथे तर उजव्या हातालाही ते ठाऊक नसते. सोयरीक जुळवताना आपण बिरादरी पाहतो, घराणे पाहतो, ऐपत पाहतो. ही जुळणी मात्र आपल्या हातची नाही. ती आधीच झालेली आहे. आपण फक्त ती उघड होऊ द्यायची की नाही, एवढेच ठरवायचे आहे.